मिनिटाला चौदा

रोज सकाळी चहाचा कप घेऊन घड्याळजी स्वयंपाकघरातल्या नळापाशी उभे राहत, मनगट डोळ्यांसमोर धरत आणि नळातून पडणारे थेंब मोजत. बरोबर एक मिनिट. मग कप ओट्यावर ठेवून निकाल सांगत, "आज चौदा."

"काल किती होते?"

"तेरा."

"मोजून थेंब थांबत असते, तर एव्हाना आपल्या घरात पाण्याचं दुर्भिक्ष झालं असतं," बायको म्हणायची आणि पिशवी उचलून पोस्टात कामाला जायची.

हे सात महिने चाललं. घड्याळजींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बिघाड आधी नीट ओळखावा, मगच हात लावावा, ही त्यांच्या धंद्याची शिस्त. पण घड्याळाचा बिघाड ओळखला की पुढचं त्यांच्या बोटांना आपोआप कळे. नळापुढे तीच बोटं परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी अवघडून बसत. तिळाएवढा स्क्रू चिमट्यानं उचलून जागच्या जागी बसवणारा हा माणूस हातोडीसुद्धा चिमट्यासारखी दोन बोटांत धरायचा. भिंतीत एक खिळा ठोकायचा म्हटलं की खिळा वाकडा, भिंतीला खड्डा आणि अंगठा निळा. "भिंतच भुसभुशीत आहे," असं ते म्हणाले की बायकोचं उत्तर ठरलेलं असे, "हो ना, नाचता येईना, अंगण वाकडं."

मग एका सुट्टीच्या दिवशी थोरले साडू आले. साडू म्हणजे घड्याळजींच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. परिवहन खात्याच्या कचेरीत कारकून, फायलींवर शिक्के मारणारा माणूस. पण घरदुरुस्तीचं कुठलंही काम दिसलं की त्यांच्या बाह्या आपोआप वर जायच्या. चहा पिता पिता त्यांनी कान टवकारले.

"नळ गळतोय वाटतं?"

"मिनिटाला चौदा," घड्याळजी अभिमानानं म्हणाले.

"अरे, यात काय आहे!" म्हणत साडू उठले. खिशातून त्यांनी एक रबरी वायसर काढला. खिशातून! माणूस खिशात रुमाल ठेवतो, फार तर किल्ली ठेवतो. साडूंच्या खिशात वायसर होता. सात मिनिटांत नळ गप्प झाला. सात हा आकडा घड्याळजींना नक्की माहीत होता, कारण मोजल्यावाचून त्यांना राहवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कप घेऊन सवयीनं नळापाशी गेले आणि उभेच राहिले. स्वयंपाकघर इतकं शांत होतं, की चालतं घड्याळ कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलंय असं त्यांना वाटलं.

मनातल्या मनात त्यांनी साडूंचं नाव 'यातकाय' ठेवलं होतं. ते नाव त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण दिवसातून दहा वेळा वापरलं. खिडकीची कडी यातकायनं बसवलेली. ओट्यावरची फळी यातकायची. कपड्यांची दोरी, दिव्याचं बटण, पलंगाचा डुगडुगणारा पाय, सगळं त्यांचंच. स्वतःच्या घरात जिथे हात लावावा, तिथे साडूंचा हात आधी लागून गेलेला. वाईट याचं, की साडू कधी मिरवत नसत. काम झालं की भुसा स्वतः झाडून घेत, हात धूत आणि दुसऱ्या विषयावर बोलत. जळायला माणसाला निदान एखादं निमित्त तरी लागतं. साडूंनी तेही कधी दिलं नाही. त्यामुळे घड्याळजींची जळजळ जुन्या दुखण्यासारखी आतल्या आत मुरत गेली. घरात काही मोडलं की बायको म्हणायची, "भावजींना बोलावू का?" आणि ते शब्द ऐकताच घड्याळजी दुकानाची किल्ली शोधू लागायचे.

अशात सासूबाई आपल्या घराच्या पायरीवरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. त्या एकट्याच राहायच्या. आता एकटं राहणं नको, लेकीकडे कायमचं जायचं, एवढं त्यांनी ठरवलं. कुठल्या लेकीकडे, ते ठरत नव्हतं.

घड्याळजींना आई आठवत नव्हती. ते ऐन पंचविशीत असताना एक बाई पतीचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन दुकानात आल्या होत्या. ते चालू होईपर्यंत त्या काउंटरपलीकडच्या स्टुलावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकं हलक्या हातानं काम करणारा मुलगा मी पाहिला नाही. घरी कोण कोण आहे तुझ्या?" घड्याळ दुरुस्त करून घ्यायला आलेली बाई जावई घेऊन गेली, असं नातेवाईक अजून म्हणत. त्या हलक्या हाताचं कौतुक आयुष्यात एकाच बाईनं केलं होतं, आणि तीच बाई आता यातकायच्या घरी कायमची जाणार अशी चिन्हं होती. कारण थोरल्या लेकीकडे सगळी सोय होती. बाथरूममध्ये चकचकीत स्टीलचे दांडे, उंबऱ्यावर उतार, घसरू नये म्हणून खरखरीत फरशी. सगळं साडूंनी दोन रविवारांत केलेलं.

"थोरले जावई फारच हिकमती गं," सासूबाई फोनवर म्हणाल्या. मग न्यायानं वागायचं म्हणून पुढे म्हणाल्या, "पण मी आधी पंधरा दिवस तिकडे राहीन, मग पंधरा दिवस तुमच्याकडे. मग ठरवीन."

फोन ठेवून बायको म्हणाली, "आपल्याही बाथरूममध्ये दांडा लागेल. आणि ते दार खालून कुजलंय, तेही बदलायला हवं. भावजींना बोलावू का?"

"नको. मी करतो."

पत्ता नसलेल्या पाकिटाकडे पोस्टात जसं बघत असेल, तसं बायकोनं त्यांच्याकडे बघितलं.

घड्याळजींच्या दुकानासमोर एका वयस्क सुताराचं दुकान होतं. त्याच्या वडिलांचं मनगटी घड्याळ वर्षानुवर्षं बंद होतं, आणि 'बघू कधीतरी' म्हणत त्यानं ते खणात ठेवलेलं होतं. घड्याळजी रस्ता ओलांडून गेले. "मिस्त्री, तुमचं घड्याळ मी चालू करून देतो. तुम्ही मला भोक पाडायला शिकवा."

दुपारी दुकान बंद असे, त्या वेळात शिकवणी सुरू झाली. पहिला धडा हातोडीचा.

"घड्याळवाले, दांडा शेवटाला धरा. गळ्याशी धरून तिचा जीव घेताय तुम्ही."

"निसटली तर?"

"नाही निसटत. तिला वजन आहे ना? ते तिचं काम करेल. तुम्ही फक्त सोडा."

'फक्त सोडा' हेच घड्याळजींना जमेना. ड्रिल मशीन ते असं टेकवत, जणू भिंतीला दुखेल. त्यामुळे भोक गोल न होता लांबट व्हायचं. फरशीवर टोक घसरू नये म्हणून चिकटपट्टी लावायची, भिंतीवर बोटांनी टकटक करून पोकळ जागा ओळखायची, भोकात आधी प्लास्टिकची गिट्टी बसवायची मग स्क्रू, हे सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. एकदा तर पाडलेलं भोक तपासायला त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. मिस्त्री हसता हसता लाकडाच्या ढिगावर बसला. "अहो, भिंत आहे ती! तिच्या नाडीचे ठोके बघताय का?"

घरी सरावासाठी त्यांनी कपाटामागची भिंत निवडली. झाडताना एक दिवस बायकोनं कपाट सरकवलं आणि ओरडली, "अहो, ही भिंत आहे का चाळण?"

"एकतीस भोकं आहेत," घड्याळजी म्हणाले. "शेवटची सहा बघ. गोल आहेत."

बायकोनं वाकून बघितलं. होती गोल. मग कपाट तिनं स्वतःच जागच्या जागी सरकवलं.

दांड्यासाठी त्यांनी जुन्या पलंगाचा लाकडी गज घेतला. इथे मात्र त्यांची बोटं शहाणी झाली. रोज ते पॉलिश पेपरनं तो घासत. आधी जाडा पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. डोळे मिटून अंगठा फिरवत, कुठे केसाएवढं खरखरीत लागलं की पुन्हा सुरुवात. अकराव्या दिवशी मिस्त्री वैतागला, "पुरे! हा भिंतीला लावायचाय, बोटात घालायचा नाही." दांडा बसला. घड्याळजी स्वतः त्याला लोंबकळून बघते झाले. मग बायकोला लोंबकळायला लावलं. शेवटी चांगल्या जाडजूड मिस्त्रीला घरी चहाला बोलावलं आणि कप हातात देण्याआधी त्यालाही लोंबकळायला लावलं. दांडा हूं की चूं करेना.

मग दार. मिस्त्री नीट बजावून गेला होता, "चौकटीत आणि दारात फट ठेवा. जाड पुठ्ठा चारी बाजूंनी आरपार फिरला पाहिजे. लाकूड पाणी पितं आणि फुगतं. आणि कडांनाही रंग द्या, विसरू नका."

घड्याळजींनी मान डोलावली. पण त्यांच्या लेखी फट म्हणजे आळस. दोन भागांमध्ये जागा राहिली की घड्याळ मागे पडतं, हे तीस वर्षांचं शिक्षण. शिवाय साडूंच्या बाथरूमच्या दाराला बोट जाईल एवढी फट होती. ती त्यांनी गेल्या भेटीत हेरून ठेवली होती आणि मनातल्या मनात बरीच चघळली होती. रंधा मारत, बसवून बघत, पुन्हा मारत त्यांनी दार असं बसवलं, की फटीतून पातळ कागद जेमतेम सरकावा. कडांना रंग दिला नाही. रंगाच्या थरालाही तिथे जागा नव्हती.

खिशातल्या घड्याळाचं झाकण मिटावं तसं दार मिटलं. टक्. त्यांनी ते वीस वेळा उघडलं, वीस वेळा मिटलं.

"छान बसलंय हो," बायको म्हणाली. घड्याळजी त्या दिवशी दुकानात शीळ घालत बसले होते. एकच रुखरुख होती. तो 'टक्' यातकायनं ऐकायला हवा होता.

ठरल्याप्रमाणे पंधरा दिवसांनी सासूबाई आल्या. त्यांची पिशवी साडूंनीच वर आणली, पण ते दारातूनच परत फिरले, बाथरूम न बघता. घड्याळजी खट्टू झाले. तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी हवा गार होती म्हणून सासूबाईंनी पाणी जरा जास्तच कढत घेतलं, आणि आंघोळ झाल्यावर आतून आवाज आला, "अगं, दार उघडत नाहीये."

बाहेरून बायकोनं ढकललं. हललं नाही. घड्याळजींनी खांदा लावला. दार जणू भिंतीचाच भाग होऊन बसलं होतं. तीन दिवसांची वाफ कोरड्या कडांनी पोटभर पिऊन घेतली होती.

"भावजींना बोलावू का?"

"थांब."

त्यांनी लाथ मारून बघितली, पातं घालून बघितलं. पातं शिरायला फटच कुठे होती? आपल्याच हातांनी त्यांनी ती ठेवली नव्हती.

"आई, ठीक आहेस ना?" बायकोनं दाराला तोंड लावून विचारलं.

"कपडे घातलेत आणि स्टुलावर बसलेय. दांडा धरलाय घट्ट. जावईबापू, घाई करू नका, मला कुठे गाडी पकडायचीय?"

बायको हळू आवाजात म्हणाली, "अहो, भावजी दहा मिनिटांवर राहतात."

"दोन मिनिटं थांब म्हटलं ना!"

त्या दोन मिनिटांत घड्याळजींना सगळं लख्ख दिसलं. साडू येतील, 'यात काय आहे' म्हणतील, दार उघडेल. सासूबाई बाहेर येतील त्या थोरल्या जावयाचा हात धरून, आणि त्यांची पिशवी पुन्हा खाली जाईल, कायमची. दार आपण एकट्यानं उघडलं तर हे टळेल. त्यांनी पुन्हा खांदा लावला. मनगटावरचा काटा पुढे जात होता. दोनाची सात मिनिटं झाली, साताची बारा.

आतून एक शिंक आली. लहानशी, दाबलेली. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पदरात धरावी तशी.

घड्याळजी दारापासून मागे सरले. "बोलाव त्यांना," ते म्हणाले. बायकोनं फोन उचलला तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते.

साडू हत्यारांची पिशवी घेऊन आले. "अरे, यात काय..." म्हणत त्यांनी खांदा मारला. दार हललं नाही. दुसऱ्यांदा मारला. वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी फटीत नख घालून बघितलं, ते गेलं नाही. मग कडेवरून हात फिरवत विचारलं, "कुणी बसवलंय हे?"

"मी."

"तुम्ही? साडूभाऊ, एकट्यानं?"

"हो."

इतक्या कठीण वेळीसुद्धा घड्याळजींच्या छातीत काहीतरी गोड हललं, आणि लगेच त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"चौकट फोडावी लागणार," साडू म्हणाले आणि पिशवीतून पहार काढू लागले.

"जरा थांबा." घड्याळजी खोलीत गेले आणि घड्याळाचे सुटे भाग गुंडाळायचा झिरझिरीत कागद घेऊन आले. त्याची पट्टी त्यांनी फटीतून हळूहळू फिरवत नेली, जसा वैद्य नाडीवरून बोट नेतो. कडीच्या बाजूला वर, वीतभर जागेत पट्टी अडली. खाली कोपऱ्यात पुन्हा अडली. "इथे आणि इथे. बाकी सगळं मोकळं आहे."

साडूंनी पहारेचं चपटं टोक उंबऱ्याशी ठोकून दाराखाली घुसवलं. "मी खालून उचलतो. तुम्ही बरोबर तिथेच दाबा. आता!"

दार किंचाळलं आणि उघडलं. सासूबाई दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरून बसल्या होत्या. दोन्ही जावयांकडे आळीपाळीनं बघत त्या म्हणाल्या, "दोघांपैकी एकानं तरी आधी चहा टाका."

चहा झाला. साडू हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ आले नाहीत. घड्याळजी बघायला गेले. साडू दांड्यावरून तळहात फिरवत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग खालच्या बाजूनं, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून.

"कशानं घासलात?"

"पॉलिश पेपरनं. अकरा दिवस."

"अकरा!" साडू म्हणाले. यात काय आहे, असं ते म्हणाले नाहीत. घड्याळजींनी थोडी वाट बघितली, पण नाही म्हणाले.

बाहेर सासूबाईंनी कप खाली ठेवला. "मी इथेच राहते. थोरल्या जावईबापूंनी मला काही कमी केलं नाही. पण तो स्टीलचा दांडा सकाळी असा गार लागतो, की पडले तरी चालेल पण धरू नये असं वाटतं. हा धरावासा वाटतो. फक्त ते दार आधी सैल करा. मी आंघोळीला जाते, तुरुंगात नाही." मग साडूंकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही दर रविवारी मला भेटायला यायचं. चुकवायचं नाही."

साडू हसले. ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर नीट बसलं नव्हतं. घड्याळजींना नीट न बसलेली वस्तू लांबूनही ओळखू येई.

म्हणजे बाजी जिंकून घड्याळजींनी काय मिळवलं, तर दर रविवारी यातकाय घरात. दाराला रंधा मारून त्यांनी पुठ्ठ्याएवढी फट केली, कडांना दोन हात रंग दिला. आंघोळीला गेलं की त्या फटीतून उजेडाची रेघ दिसे आणि त्यांना टोचे. पण पुढे एकदा साडूंच्या घरी जाणं झालं, तर तिथे स्टीलचा दांडा जाऊन लाकडी आला होता. घड्याळजींनी हात धुताना सहज अंगठा फिरवला. खालच्या बाजूला चांगलं खरखरीत होतं. परत येताना रस्ताभर गुणगुणत होते.

"एवढं काय झालंय आनंद व्हायला?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. भावजींनी दांडा छान केलाय."

सासूबाई चार वर्षं राहिल्या. त्या गेल्यावरही साडू रविवारी येत राहिले. ये असं कुणी म्हटलं नव्हतं, नको असंही नाही. दोघं समोरासमोर बसून चहा पीत. साडूंची नजर घरभर फिरायची, काही मोडलंय का बघत. आता काही मोडलेलं नसायचं. आदल्या दिवशी, शनिवारीच घड्याळजी सगळे स्क्रू आवळून ठेवत.

मग तो रविवार आला. एक गिऱ्हाईक सकाळीच घड्याळ न्यायला येणार होतं, म्हणून घड्याळजी तासाभरासाठी दुकानात गेले, आणि तिथेच खुर्चीत, डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच गेले. समोरच्या मिस्त्रीला वाटलं, काम चाललंय.

त्या सकाळी घरातून निघण्याआधी ते कप घेऊन नळापाशी उभे होते. कितीतरी वर्षांनी. साडूंचा तो जुना वायसर झिजला होता. त्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं, मिनिटभर थांबले, कप ओट्यावर ठेवला. नवा वायसर त्यांच्या खिशात होता. पण बायकोनं पान्हा पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि चपला घालता घालता म्हणाले, "मिनिटाला तीन. साडूभाऊ आले की त्यांना आधी ऐकव, मग मी बदलतो."